भिंतीतली झुळझुळ

मंगळवार, संध्याकाळ. केडगाव.

मोरीच्या भिंतीत आजही झुळझुळ ऐकू आली. घरातले सगळे नळ बंद, तरी! चार दिवस हे म्हणतायत, "तुला भास होतोय." खरंच भास? शेवटी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, खाली येऊन भिंतीला कान लावला. झुळझुळ थांबलेली! म्हणजे भिंतीतला पाइपच गळतोय. कॉक पुन्हा उघडला आणि यांना ओढत आणलं. "लावा कान." बराच वेळ लावला. मग तळहात टेकवला. "हाताला थरथर लागतेय खरी," म्हणाले. आणि हळूच, "मला ऐकूच येत नाही गं नीट. दिवाळीपासून."

प्लंबर येईल उद्या. त्याआधी कानाचे डॉक्टर.

आणि मी टीव्हीच्या आवाजावरून रोज यांच्याशी भांडत होते.