जोडीनं न पाहिलेलं तळं

आई, तुझं एक सांगणं मी परवाच्या प्रवासात मोडलं, आणि त्याचं हवं तेवढं वाईट वाटत नाही, म्हणून लिहायला बसले. तू गेलीस त्या वयाच्या पुढं मी आता आले आहे. गुडघे कुरकुरतात, झोप पुरत नाही. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तर थकवा घरातल्या माणसासारखा राहायलाच आला आहे. गोळ्या, बिनमिठाचं जेवण, आणि शेजारी श्वास नीट चाललाय ना हे झोपेतही ऐकत राहणं. सिडकोतल्या आमच्या घरी येणारे-जाणारे म्हणतात, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून." मी चहा टाकते.

डॉक्टरांनी हळूहळू चालायला परवानगी दिली, तशी लेकानं हिमाचलात फिरायला कॅम्पर गाडी भाड्यानं घेऊन दिली. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, हात धुवायला नळ. ह्यांना गाडी चालवायला बंदी, म्हणून मी चालवायची आणि शेजारी बसून हे वळणावळणाला म्हणायचे, "दुसरा टाक. अगं, दुसरा!" तुला हसू आलं असतं. घर बदललं तरी स्वयंपाक काही चुकला नाही. इथं करते तेच मुगाचं वरण मी देवदारांखाली केलं, फक्त ओटा पाटाएवढा होता.

गाडी लावली त्या गावाच्या वर डोंगरात एक तळं आहे. हे महिनाभर मोबाइलवर त्याचेच फोटो बघत होते. सकाळी निघालो. निम्म्या चढावर चहाची टपरी लागली आणि हे बाकावर बसले ते बसलेच. ओठ पांढरे पडलेले. जरा वेळानं रंग परत आला, पण वर बघितलं आणि म्हणाले, "आता नाय होत मला. तू जा. बघून ये अन् मला सांग."

आणि मला दौलताबाद आठवलं. मी तिसरीत असेन. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर तहसिलात नोकरीला चिकटलेल्या बाबांनी आयुष्यात एकदाच सगळ्यांना सहलीला नेलं होतं. किल्ल्यातल्या अंधारीच्या, त्या काळोख्या भुयाराच्या, तोंडाशी त्यांचा दमा उसळला. तू पदर खोचून, चप्पल हातात घेऊन तयार. मामा म्हणाला, "ताई, तू चल की, दाजी बसतील." तू म्हणालीस, "जोडीनं बघायचं असतं बाबा. एकटीनं बघून काय करायचंय?" आम्ही पोरं मामाबरोबर पार वर जाऊन आलो. खाली तू बाबांना पेरू कापून देत होतीस. "काय होतं गं वर?" तूच विचारलंस. मी वारा, तोफ, सगळं सांगत सुटले, तर मध्येच ओरडलीस, "बस कर! त्यांना बरं नाय अन् हिचं आपलं किल्ला किल्ला!" त्या ओरडण्याचा अर्थ कळायला माझं लग्न जुनं व्हावं लागलं.

माझ्या जागी तू असतीस तर टपरीवरच बसली असतीस. मी पाण्याची बाटली ह्यांच्याजवळ ठेवली, टपरीवाल्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. पहिल्या वळणापर्यंत सारखी मागं बघत होते. नंतर नाही बघितलं.

वर कुणीच नाही. तळं हिरवं म्हणावं तर निळं, आणि पलीकडच्या बर्फाची कड त्यात उतरलेली. बूट काढून पाय पाण्यात सोडते. बधिर होतात, तरी तसेच ठेवते. कुणी हाक मारत नाही. मी रडत नाही, देवाचं नाव घेत नाही, फोटोसुद्धा काढत नाही. उन्हानं तापलेल्या दगडावर आडवी होते आणि चक्क डोळा लागतो. अशी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

उतरले तेव्हा हे टपरीबाहेर उभे राहून वाटेकडं बघत होते. "कसं होतं गं?" लहान मुलासारखं विचारलं. मी म्हणाले, "काही विशेष नाही हो. लई गर्दी. पाणीपण गढूळ." "मला वाटलंच," हे म्हणाले, "फोटोचं काही खरं नसतं." मग मी त्यांचं कोपर धरून त्यांना सावकाश खाली आणलं.

तुला वाटेल, त्यांना हळहळ वाटू नये म्हणून मी खोटं बोलले. मलाही तसं वाटायला आवडलं असतं. पण तसं नाही, आई. ते तळं मला त्यांना द्यायचंच नव्हतं. माझं जे काही होतं ते दिलं, ह्यापुढंही देईन, पण तेवढं एक वाटून घ्यायचं नव्हतं.

काल शेजारचे भेटायला आले, तर हे रंगवून सांगत होते, "हिची बघा फजिती! बिचारी एवढी चढून गेली, अन् गढूळ पाणी बघून आली. मी जरा सुधारलो ना, की हिला एखादं चांगलं तळं दाखवणार. जोडीनं जाऊ." शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हो म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. पाठवायला पत्ता असता तरी पाठवला नसता, कारण तू आधी त्यांचीच चौकशी केली असतीस. ते बरे आहेत, आई. आतल्या खोलीत झोपलेत. मला परत त्या तळ्यावर जायचंय. त्यांच्याशिवाय.