बाटलीत पाणी होतं

आई,

तुला इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

परवा जंगलात झाडं मोजताना धुकं उतरलं आणि बाकीच्यांची नि माझी चुकामूक झाली. रात्र एका दगडाच्या आडोशाला काढली. बाटलीत पाणी होतं, पण उद्याला लागेल म्हणून मी ते जपून ठेवलं. सकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी बाटली भरलेलीच! तेवढ्यात तू कानाशी ओरडलीस, "पाणी प्यायलीस का?" फोनवर ज्यावरून मी तुझ्यावर खेकसते, तेच. मुकाट्याने घटाघटा प्यायले, तेव्हा कुठे पाय चालायला लागले.

खाली ओढा लागला. त्याचं पाणी रुमालाने गाळून, काटक्या पेटवून जेवणाच्या डब्यात खळखळ उकळूनच प्यायले. पोट बिघडलेलं नाही, उगाच काळजी करू नकोस. दुपारी आमच्या मुकादमांनी मला तिथेच शोधून काढलं.

खोलीवर परतले, तर विचारपूस करायला कोणी नाही. म्हणून आता मीच मोठ्याने विचारते, "पाणी प्यायलीस का?" आणि मीच कुरकुरत "हो गं" म्हणते.

बाबा गेल्यापासून तुला कोण विचारतं गं?

तुझीच,
चिडकी