बिनमिठाच्या बांगड्याची बरणी

मी, प्रेमलता सत्यवान तांडेल, वय ७२, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मालवण. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दडपणाने नव्हे, तर निव्वळ किळस आल्याने हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते, ते येणेप्रमाणे.

१. राहतं घर मुलगा सर्वेश यास. पडवी मात्र गावातल्या मुलांसाठी उघडी राहील. तिथे ती बिया रुजवतील, शिंपले फोडतील, घाण करतील. पडवी बंद करून पर्यटकांसाठी एसी खोली काढली, तर सगळं घर सलोनी केळुसकर हिच्या मालकीचं होईल. सर्वेशा, आईला ओळखतोस ना?

२. सलोनी माझी विद्यार्थिनी, आता फोंडाघाटाकडे शाळेत शिकवते. तिच्या वेळी मी वर्गात दोन उघड्या बरण्या ठेवल्या होत्या. एकीत खारवलेला बांगडा, दुसरीत बिनमिठाचा. खारवणं पोरांनी घरी पाहिलेलंच, म्हणून सुरुवात तिथून. आधी अंदाज सांगा, मग रोज बघा, मग खुशाल भांडा. प्रशिक्षणात ज्याला ज्ञानरचनावाद म्हणतात तो हाच. दुसऱ्या बरणीत किडे वळवळू लागले आणि खारवलेल्यात एकही नाही, तेव्हा सलोनी ओरडली, "बाई, मिठान सगळा पाणी ओढून घेतल्यान, मगे किड्यांका पिवक काय गावतला?" मी काहीच सांगितलं नव्हतं. माझी भिंगं, तराजू, बरण्या तिला. अट एकच, उत्तर आधी सांगायचं नाही.

३. तेव्हाचे मुख्याध्यापक परशुराम राऊळ. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी नाक धरून त्या बरण्या उकिरड्यावर टाकायला लावल्या. म्हणाले, "शी! बाई, ही शाळा आहे की मासळीबाजार?" दुपारी त्यांच्या डब्यात बांगड्याचंच तिखलं होतं. मग त्यांनी वर्गाची फरशी आकड्या-अक्षरांनी रंगवून घेतली, दारावर 'ज्ञानरचनावादी वर्ग' लिहवलं, आणि रंग उडेल म्हणून पोरांना आत बसायला बंदी केली. पोरं व्हरांड्यात, ज्ञान आत. त्याच फरशीच्या फोटोवर पुरस्कार घेतला. किड्यांची मला कधी किळस आली नाही. ह्या माणसाची आली, अजून येते.

आता हेच गृहस्थ माझ्या पश्चात माझ्या नावाने विज्ञान दालन काढणार आहेत म्हणे. काचेची कपाटं, त्यांना कुलपं. माझं नाव वापरण्यास मी सक्त मनाई करते.

४. शोकसभेत पहिलं भाषण तेच करतील. करू द्या. मी गेले त्या दिवशी मासेवाल्या सुगंधाने एक बिनमिठाचा बांगडा बरणीत घालावा, एक दिवस पडवीत उघडा ठेवून मग झाकण लावावं. सभा तेराव्याला. सर बोलायला उभे राहिले की सलोनीने बरणी त्यांच्यापुढे ठेवावी आणि पोरांना विचारावं, "आत काय झालं असेल?" प्रत्येकाला अंदाज सांगू द्यावा, घाई नको. पोरं पहिल्या रांगेत बसतील, व्हरांड्यात नाही.

मग झाकण सरांनी उघडावं. बरणी त्यांना दिली आहे.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

प्रेमलता स. तांडेल

साक्षीदार:
१. सुगंधा मेथर, मासेविक्री. (सही करताना म्हणाली, "बांगडो ताजोच घालतंय, बाई.")
२. ओंकार पराडकर, शेजारी.

मालवण, १८ नोव्हेंबर २०२४