पडून राहायची नोकरी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खरोखर घातला तर उठवायला दोघं लागतील, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्या.) तुमची कंबर काय म्हणते? मामी म्हणाली, तुम्ही अजून पलंगावरच. तिच्या आवाजावरून तिचीही पाठ धरलेली वाटली, पण तिने पडायचं कुठे? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

बेकरी झाली, बस धुवून झाल्या, फोटोवाल्याकडे दिवे धरून झाले. मी कुठेच टिकत नाही म्हणून तुम्ही मला तुमच्या मित्राच्या गाद्यांच्या दुकानात चिकटवलंत. उपकार विसरणार नाही. पण मामा, गादी कधी उचलली आहे का तुम्ही? धरायला जागा नाही, मध्येच वाकते, जिन्यात आपल्याच गळ्यात पडते. माझी कंबर आधीपासून कुरकुरत होतीच, गाद्यांनी तिला बोलतं केलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, हाडं उत्तम, व्यायाम शिका. मला अपमानच वाटला. एवढं दुखतं आणि एक मणका जागचा हललेला नाही?

व्यायाम मी अर्थातच पुढे ढकलला. मग एक जोडपं दुकानात आलं, ही गादी पाठीला चांगली का म्हणून. मालक मला म्हणाले, झोपून दाखव. मी झोपलो. झोपलो तो झोपलोच! कंबरेत असं काही अडकलं की नुसती मान वळवायची म्हटलं तरी घाम. मालक हसत म्हणाले, "बघा, उठवत नाहीये त्याला!" त्या बाई म्हणाल्या, "अहो, चेहरा किती शांत आहे." (शांत कसला! श्वास घ्यायची भीती वाटत होती.) त्यांनी गादी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकांनी दुकानाच्या दर्शनी काचेत पलंग मांडला आणि मला त्यावर पडून राहायच्या कामावर नेमलं. पूर्ण पगार. माझ्या अंगच्या गुणांना इतका वाव आजवर कोणी दिला नव्हता.

पण पडून पडून माझी फळी झाली. मोजे घालताना रडू यायचं. छताकडे बघत असताना सारखे तुम्ही आठवायचात. (रागावू नका.) तुम्हीही आठवडाभर पडतो म्हणूनच पडला होतात ना? तेव्हा मी शाळेत होतो, आता दाढी करतो. शेवटी मी डॉक्टरांनी सुचवलेल्या व्यायामाच्या बाईंकडे गेलो.

बाईंची खोली लाँड्रीच्या वर, त्यामुळे आम्ही सगळे गरम इस्त्रीच्या वासात आडवे. उताणं पडून गुडघे दुमडायचे आणि कंबर उचलून धरायची. मग रांगत्या बाळासारखं होऊन एक हात पुढे, उलट बाजूचा पाय मागे. मी थेट शेजारच्या निवृत्त कंडक्टरांवर कोसळलो. ते म्हणाले, "पुढे सरका, पुढे जागा आहे." दर व्यायामाला मी विचारत होतो, बाई, काही सरकणार तर नाही ना? त्या म्हणाल्या, "थोडं दुखेल. दुखलं म्हणून मोडत नाही. काम काय करता?" मी म्हटलं, पडतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तासन्‌तास पडू नका, अधूनमधून उठा, चाला, थोडे व्यायाम करा.

मग मी काचेतच करू लागलो. बाहेर गर्दी. माझी कंबर वरखाली होताना पाहून एकाने आत येऊन विचारलं, स्प्रिंग सुटली का? मालक ओरडले, "तुला झोपायचे पैसे देतो, उसळ्या मारायचे नाही!" उद्यापासून निपचित पड, नाहीतर घरी जा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तुम्ही मित्र या नात्याने शब्द टाका. मला निदान उशा तरी उचलू देत.

काळजी संपलेली नाही. आता हात नडगीपर्यंत पोचतात, पण आज सकाळी पुन्हा चमक आली. वाटलं, संपलं सगळं. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, एक चक्कर मारून या. भिंतीला धरून निघालो, येताना भिंत सोडली. सगळं गेलं नाही, पण सैल झालं.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : शब्द टाकू नका. मालकांनी मला मागच्याच आठवड्यात काढलं. 'उद्यापासून' हे तुम्हाला कळवळा यावा म्हणून लिहिलं. आता घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडतो. मीटर नेमका जिन्याखाली असतो, वाकावं लागतं. भीत भीत वाकतो.

आणखी ता. क. : मग पत्र कशाला, म्हणाल. बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला त्रास आहे का? मी तुमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, घेऊन या त्यांना. मी म्हटलं, ते येणार नाहीत, ते घाबरतात. मामा, माफ करा, पण काचेत पडलो होतो तेव्हा मीही तसाच घाबरलो होतो, म्हणून मला कळतं. रविवारी तुम्हाला न्यायला येतोय. मामीला बजावून ठेवलंय, बेल वाजली तरी तिने हलायचं नाही. दार तुम्हीच उघडा. कितीही वेळ लागू दे, मला आता बराच वेळ उभं राहता येतं.