खुराड्यासाठी वेगळा गाऊन

४ जानेवारी
पेपरात बर्ड फ्लूची बातमी. ही गेल्यापासून हिच्या पाच कोंबड्या माझ्या गळ्यात. मला त्यांची ओढ अजिबात नाही. पण आपल्या हाती असताना एकही दगावता कामा नये. उद्यापासून कडक शिस्त. अंगणात मोकळं सोडणं बंद.

५ जानेवारी
खुराड्याला जाळी लावली. काम उत्तम. कोंबड्या मात्र आत जाईनात. मला बघितलं की कुंपणाकडे पळतात. शेजारच्या वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊजी, हाका मारताय की हजेरी घेताय?"

६ जानेवारी
पशुवैद्यांना फोन. खुराड्यात जायचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवा, घरात आणू नका, रोज जंतुनाशकात धुवा, म्हणाले. जुनं काही हवं, म्हणून हिचा फुलाफुलांचा गाऊन शर्टावरून चढवला. केवळ सोय. पाचही जणी धावत आल्या आणि मागोमाग आत. वहिनी "अगंबाई" म्हणाल्या आणि घरात गेल्या.

७ जानेवारी
चपला धुतल्या. गाऊन धुतला नाही. ऊन नव्हतं.

८ जानेवारी
ऊन होतं. बादलीत औषध घातलं. गाऊनच्या कॉलरला अजून हिच्या तेलाचा वास आहे. अशा औषधाने कापडाचा रंग जातो, असं कुठेतरी वाचलंय. उद्या नक्की.

१० जानेवारी
गाऊन घरातच खुंटीला लावतो. बाहेर दव पडतं. नियम समजून पाळायचे असतात.
ताईचा फोन. "एकटा काय करतोस रे दिवसभर?" म्हटलं, वेळ कुठे असतो! गाऊनचं बोललो नाही. तिला त्यातलं शास्त्र कळणार नाही.

१२ जानेवारी
पशुवैद्य स्वतः आले. जाळीचं कौतुक केलं. मग खुंटीकडे बघून, "काका, हा रोज धुता ना?" मी हो म्हणालो. ते खालच्या काठाला वाळलेल्या शिटेकडे बघत राहिले. मागच्या गल्लीत काल सात कोंबड्या गेल्या म्हणे. "आज धुवा. नाहीतर या पाचही जातील, आणि त्या तुमच्याच पायी."
तांबडी जरा गप्प वाटते. की मलाच वाटतंय?

१३ जानेवारी
सकाळी गाऊन औषधात बुडवला. बराच वेळ तिथेच बसलो. कॉलर शेवटी बुडवली.
ओला गाऊन घालणं शक्य नव्हतं. माझाच एक जुना शर्ट घालून दाणे घेऊन गेलो. आज हाल होणार, अशी तयारी ठेवली होती. पाचही जणी धावत आल्या. तांबडी सगळ्यांत पुढे.
म्हणजे गाऊनची गरज नव्हती. केव्हापासून नव्हती, कोण जाणे.
रंग गेला नाही. नुसता औषधाचा वास येतो. संध्याकाळी घडी घालून कपाटात ठेवला. आता तो घालायला काही कारण नाही.