माहेरच्या गावातली सहा नंबरची खोली

१६ एप्रिल, मंगळवार

पोचले. माहेरच्या गावात येऊन हॉटेलात उतरणारी बाई या सगळ्या डोंगरात मी एकटीच असेन!

ब्रागाहून निघालेली बस तीन तास नुसती वळत होती. शेवटच्या तासात खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. गाव आलं हे ड्रायव्हरने सांगितलं म्हणून कळलं. चाळीस वर्षांपूर्वी लिस्बनला जायला निघाले तेव्हाही असंच धुकं होतं. क्षणभर वाटलं, मी गेलेच नव्हते. इथेच बसथांब्यावर उभ्या उभ्या माझा डोळा लागला होता.

ग्रासिंदाने लगेच ओळखलं. शाळेत एका बाकावर बसायचो. आता हॉटेल तिचं आहे – बारा खोल्या, पातळ टॉवेल, हीटर फक्त संध्याकाळी सहा ते आठ. म्हणाली, "अगं तिलिया, वरची बाल्कनीवाली रिकामी आहे, त्याच भाड्यात घे. सहा नंबर म्हणजे माझ्या सासऱ्यांचा गोठा होता. ओल काही जात नाही. तिथे मी फक्त भांडकुदळ गिऱ्हाइकं ठेवते."

म्हटलं, "मग मला तीच दे."

हसली. कारण मी तिला सांगितलं नाही. इथे लिहिते – बारांपैकी फक्त सहा नंबरला स्वतःचं दार आहे, थेट गल्लीत उघडणारं. मला दार हवं आहे.

आणखी एक अट घातली. बेल्मिरोचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. चांगलं नको, वाईट नको. ग्रासिंदाने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "तुझ्या भावाच्या बाबतीत माझं तोंड शिवलं म्हणून समज." तिचं तोंड शिवलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण शपथ मोडायची नाही ती.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी एका सुराने जाग आली. एकच सूर, लांबच लांब. मग तोच पुन्हा, जरासा चढा. वाटलं स्वप्नातच आहे. आई परसात बादली घासते आहे आणि बादली गाते आहे.

नाश्त्याला कळलं. चर्चचा ऑर्गन ईस्टरपूर्वी सुरात लावायला पोर्तोहून सेन्योर व्हालदेमार आले आहेत, वर चार नंबरला असतात. "त्रास होतो का बाई?" म्हणाले. मी नाही म्हटलं. "मग तुमचं कौतुक आहे. माझ्या बायकोने याच कारणासाठी मला घराबाहेर काढलं." चार पाव खाऊन, पाचवा खिशात घालून ते धुक्यात गेले. दिवसभर एकेक सूर येत राहिला. पलंगावर पडून ऐकत होते. ओलीचा वास, लोकरी पांघरुणाचा वास. कधी झोप, कधी जाग, मधली सीमा पुसलेली. इतकं शांत मला लिस्बनमध्ये कधी वाटलं नाही.

आता ते लिहायला हवं, नाहीतर ही वही कशाला आणली?

आठ वर्षांपूर्वी आई हिवाळ्यापुरती माझ्याकडे लिस्बनला आली आणि जानेवारीत तिथेच वारली. इथला रस्ता बर्फाने बंद. बेल्मिरोने तिच्यासाठी वडिलांची कबर उघडून घेतली होती, स्वतः फावड्याने बर्फ काढून. फोनवर म्हणाला होता, "थांब. दोन दिवस थांब, रस्ता उघडतो." मी थांबले नाही. तिसऱ्या दिवशी लिस्बनमध्येच तिला पुरलं. चौथ्या दिवशी रस्ता उघडला.

सगळ्यांना सांगितलं, बर्फ होता. बर्फ होताच. पण खरं ते नाही. बत्तीस वर्षांत ती माझ्या वाट्याला चार महिने आली होती. मला ती जवळ हवी होती. ट्राम पकडून जाता येईल इतकी जवळ. मी माझ्या भावाकडून आई चोरली.

तो म्हणाला, "माझ्या दारात पाय ठेवू नकोस." मीही काही कमी नाही. म्हटलं, "तूच येशील माझ्या दारात, तेव्हा बोलू." त्यानंतर एक शब्द नाही. त्याची बायको गेली तेव्हासुद्धा मी तार केली, गेले नाही.

लिस्बनला कबर कायमची मिळत नाही. मुदत संपली, की अस्थी काढतात. स्मशानभूमीच्या ऑफिसचं पत्र फेब्रुवारीत आलं. एप्रिलअखेरपर्यंत कळवायचं – आईला कुठे न्यायचं? कुठेच नाही, तर त्यांच्या भिंतीतल्या कप्प्यात. मला तिला इथे आणायचं आहे, वडिलांशेजारी. पण ती कबर बेल्मिरोच्या नावावर आहे. त्याने हो म्हटल्याशिवाय आई घरी येत नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

दोनदा फिरायला निघाले. दोन्ही वेळा त्याच्या चढणीच्या तोंडाशी पोचले आणि परतले. वर घर दिसत नव्हतं. धुकं.

ऑर्गन लागला. सेन्योर व्हालदेमार गेले. खोली फार गप्प वाटते.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

सुका मासा, बटाटे, कांदा. ग्रासिंदाचा हात आमच्या आईसारखा आहे – लसूण जरा करपवते. खाताना डोळ्यांत पाणी आलं. लसणावर ढकललं.

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. तो पुढे होता. पाठ ओळखली. उजवा खांदा खाली, लहानपणी मी कडेवर घेऊन फिरवायचे तेव्हा तोच खांदा माझ्या मानेत रुतायचा. केस सगळे पांढरे. त्याने मागे पाहिलं नाही. मी आहे हे त्याला माहीत असणारच, इथे कोंबडी हरवली तरी जेवणाआधी गावाला कळतं.

संध्याकाळी ग्रासिंदा टॉवेल घेऊन आली आणि दारातच घुटमळली.

"तिलिया, एक सांगू?"

"त्याच्याबद्दल असेल तर नको."

"मग राहिलं," म्हणाली. टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली आणि गेली.

२० एप्रिल, शनिवार

आज बेत पानावर उतरवते. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटतं आहे, वाटू दे.

उद्या ईस्टर. क्रूस घरोघर फिरेल. ज्या उंबऱ्यावर फुलांच्या पायघड्या, त्या घरात तो गेलाच पाहिजे. फुलं असलेलं दार वगळायचं नाही, मग आत वैरी का राहत असेना. आणि यंदा क्रूस बेल्मिरोच्या हातात आहे! ग्रासिंदानेच नाताळच्या पत्रात लिहिलं होतं. बारा वर्षं त्याने या मानाची वाट पाहिली.

तो माझ्या दारात येईल. त्याला यावंच लागेल. क्रूस माझ्यापुढे धरावा लागेल, मी ओठ टेकवीन, आणि मग हळूच म्हणेन – बेल्मिरो, आईला आणते. हातात क्रूस घेऊन कुणी नाही म्हणत नाही.

दुपारभर ओढ्याकाठी फुलं तोडली. पिवळी रानफुलं टोपलीभर, रोझमेरीच्या काड्या, चर्चमागच्या झाडाच्या उरल्यासुरल्या कमेलिया. धुक्यात पिवळा रंग तेवढा दिसत होता, माझे हातसुद्धा नाही. आपण खरंच फुलं तोडतो आहोत की तोडल्याचं आठवतो आहोत, असं मधूनच वाटायचं. सहा वर्षांचा बेल्मिरो मागून येतो आहे, टोपलीतली फुलं सांडतो आहे. दोनदा मागे वळून पाहिलं.

ग्रासिंदाने टोपली पाहिली. "हे काय? हॉटेलच्या दारात मी घालतेच की पायघड्या."

"ते तुझं दार. हे माझं."

"चार रात्रींचं भाडं भरलं की दार आपलं होतं वाटतं?"

"उद्यापुरतं होतं."

तिचा चेहरा उतरला. बेत कळला होता तिला. तोंड उघडलं, मग मिटलं. मी बोट वर केलं – शपथ! "गाढव आहेस तू," म्हणाली. "दोघंही गाढवं." थोड्या वेळाने स्वतः केलेला मऊ गोल केक आणून माझ्या टेबलावर ठेवून गेली.

२१ एप्रिल, ईस्टर

पहाटेच उठले. टेबलावर पांढरी चादर. लिस्बनला दुकानात लोकांचे कपडे शिवता शिवता तिची किनार मी भरली होती. केक, बदाम, वाइन, दोन पेले. पायघड्या घातल्या. कमेलिया मधोमध. नवा निळा ब्लाउज. दार उघडून खुर्ची घेऊन बसले.

नऊला बार उडाले. क्रूस निघाला.

धुकं आज आत आलं, अगदी टेबलापर्यंत. आणि त्यात ती घंटा. घंटा आधी वरच्या आळीत वाजली, मग ओढ्यापलीकडे, मग अगदी कानाशी. मी उठून उभी राहिले आणि ती पुन्हा लांब गेली. गाव कुठे आहे ते कळत नव्हतं, फक्त घंटा गावातून हिंडत होती. दारातून माणसं जायची, "सणाच्या शुभेच्छा!" म्हणायची, दोन पावलांत नाहीशी व्हायची. मला आत उठून जाता येत नव्हतं. फुलं घातली की दार सोडायचं नसतं.

जेवले नाही. दोन वाजले, तीन. डोळे मिटले की आई समोरच्या खाटेवर बसलेली, पाय हलवत. "येईल गं," म्हणायची. "क्रूस जड असतो. वेळ लागतो."

चार वाजून गेल्यावर घंटा खरंच दारात आली. धुक्यातून लाल झगे उमटले. आधी घंटा वाजवणारा म्हातारा, मग पवित्र पाण्याची बादली, मग फुलांनी सजवलेला चांदीचा क्रूस. तो धरणारे हात पाहिले. जाडे, केसाळ, बोटात अंगठी.

बेल्मिरोचे नव्हते.

विजेची कामं करणारा सेवेरिनो होता. "आलेलुया! ख्रिस्त उठला!" आणि क्रूस पुढे धरला. मी ओठ टेकवले. थंड चांदी, अत्तराचा वास.

"यंदा बेल्मिरोकडे होता ना?" विचारलंच मी.

त्याने घंटेवाल्याकडे पाहिलं. "होता बाई. शुक्रवारी त्याने माझ्या हाती दिला."

"का?"

"ते त्यालाच विचारा."

आणखी नऊ घरं राहिली होती. कुणीतरी मूठभर बदाम घेतले. पाण्याचे थेंब टेबलावर उडाले. घंटा गेली.

आता सात वाजले आहेत. हीटर चालू आहे, तरी मी पांघरूण लपेटून बसले आहे. बारा वर्षं वाट पाहिलेला मान सोडला, पण बहिणीच्या दारात आला नाही! इतका राग. आठ वर्षांत मूठभरही कमी झाला नाही. मला वाटायचं मी हट्टी. तो माझ्याहून सवाई.

रडले. भरपूर रडले. कुणी ऐकलं असेल तर ऐकू दे. चूक माझी होती, मी ती मान्य करायला आले होते, आणि ऐकून घ्यायलाच तो आला नाही.

उद्या साडेदहाची बस. मंगळवारी स्मशानभूमीच्या ऑफिसात जाऊन सांगीन – भिंतीतला कप्पा द्या. आईला सांगायला तोंड नाही.

पायघड्या झाडल्या. ओल्या फुलांचं ओझं केवढं होतं!

२२ एप्रिल, सोमवार

ग्रासिंदाने शपथ मोडली. मी बॅग भरत होते. कॉफी खाली ठेवली आणि एका दमात बोलली. "कान बंद कर हवं तर, मी सांगणार. क्रूस त्याने तुला टाळायला नाही दिला. पाद्रींना म्हणाला, 'बहीण गावात आली आहे. मी दिवसभर लोकांची दारं हिंडणार, आणि ती आली आणि घर बंद असलं तर? बायकोही नाही दार उघडायला.' काल सकाळपासून त्याने पायघड्या घातल्या होत्या गं, बुटांवर पाकळ्या चिकटेपर्यंत उंबऱ्यात उभा होता. जेवायलासुद्धा आत गेला नाही. मी आधीच दोन वेळा सांगायला आले, पण तू बोलू दिलं नाहीस."

मी विचारलं, "आणि आज?"

"आजही उभा आहे."

दहा वाजून वीस मिनिटं झाली. बस जाऊ दे. आईच्या कबरीचं पत्र घेतलं आहे. मी वर, त्याच्या घरी चालले.