पारनेरच्या गोगलगाई आणि सासूबाईंची दारूबंदी

१२ ऑगस्ट ९८
कॉलेज सुटल्यावर पुन्हा टेकडी. पलीकडच्या उतारावरच्या गोगलगाई मिळाल्या एकदाच्या! शंख अगदी अलीकडच्यांसारखेच. प्रजाती एक की दोन, ते डोळ्यांनी कळत नाही, पुण्याच्या लॅबमध्ये डीएनएवरूनच ठरेल. सोमवारची वेळ मिळालीय. हुकली तर पीएच.डी. पुढच्या पावसाळ्यावर. दोन्हीकडच्या वेगवेगळ्या बाटल्यांत, स्पिरिटमध्ये. फडताळात ठेवल्या.

१३ ऑगस्ट
काय करावं या बाईंचं! सासूबाई गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. शेजारची सखू साखर मागायला आली, तिला फडताळातून वास आला. झालं! "आमच्या नवऱ्यांच्या बाटल्या फोडता, अन् सुनेच्या झाकता व्हय?" सासूबाईंनी दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या, गोगलगाई परसात भिरकावल्या. कोंबड्यांनी फस्त केल्या.
"अहो, कॉलेजचं स्पिरिट होतं ते!"
"वास तर त्योच हाय."
संध्याकाळी एक कोंबडी झिंगून अंगणभर फिरत होती. सगळी आळी बघायला. ह्यांना हसू आवरेना, मला रडू.

१४ ऑगस्ट
सासूबाईंशी अबोला. एसटीडीवरून पुण्याला फोन. लॅबमधले सर म्हणाले, जिवंत आणा, उलट बरंच. उद्या झेंडावंदन, म्हणजे रविवारीच चढायचं. घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी बडबडले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून आले तर सासूबाई ओट्यावर, पाय चिखलाने भरलेले. समितीच्या बायका घेऊन टेकडी चढल्या होत्या! सखूसुद्धा. पुढ्यात पाटीभर गोगलगाई, वर ओलं फडकं.
"घे. आता त्वांड सरळ कर."
इतका आनंद झाला की पायाच पडले. मग विचारलं, पलीकडच्या कुठल्या?
"दोनी अंगाच्या हायेत की. लई हुडकल्या."
"वेगळ्या ठेवल्यात ना?"
"आगं, येगळ्या कशाला? सारख्याच तर हायेत सगळ्या!"
अहो, तेच तर ठरवायचंय! कपाळ माझं.

१६ ऑगस्ट
सकाळीच गेले. दोन्ही उतार पालथे घातले. एक नाही. तांदूळ निवडावेत तशी टेकडी निवडलीय बायकांनी.

१७ ऑगस्ट, पुण्याच्या गाडीत
गोगलगाईंचा डबा माझ्या मांडीवर. सासूबाई हट्टाने सोबत आल्यात, "त्या सरास्नी मी सांगते" म्हणून. अक्षर हलतंय. सरांना काय सांगायचं, डोकं चालत नाही. राग आहेच, पण चढताना गुडघे दुखले असतील त्यांचे, तेही मनात येतं.
मघापासून झाकण उघडून एकेक शंख उजेडात धरतायत.
"ही पल्याडची असंल बघ."
थोड्या वेळाने परत आत ठेवली. "न्हाई गं. ही बी तसलीच."